पुढच्या वर्षी बघू

डॉरिस सहा वर्षांची असताना तिच्या वडिलांनी तिला एक लालभडक स्कोअरबुक आणून दिलं आणि बेसबॉलचा सामना कागदावर कसा उतरवायचा ते शिकवलं. वडील बँकांचे हिशेब तपासणारे सरकारी अधिकारी, दिवसभर कामावर. ब्रुकलिन डॉजर्सचे बरेचसे सामने तेव्हा दुपारी असायचे. पोरगी रेडिओपाशी बसून सामना टिपायची आणि संध्याकाळी वडील घरी आले की त्यांना सगळा सांगायची. सुरुवातीला ती उत्साहाच्या भरात निकालच आधी सांगून मोकळी व्हायची आणि मग पुढचं ऐकण्यात काही राम उरायचा नाही. हळूहळू तिला कळलं की निकाल पोटात ठेवायचा असतो. गोष्ट पहिल्यापासून सांगायची असते.

यातली गंमत अशी, की हे सगळं दुसऱ्या दिवशीच्या पेपरात छापून येतं हे वडिलांनी तिला सांगितलंच नाही. आपण सांगितलं नाही तर बाबांना कळणारच नाही, अशा समजुतीत ती वाढली.

डॉरिस कर्न्स गुडविन पुढे अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांवर लिहिणारी मोठी इतिहासकार झाली. लिंकनवरचं 'टीम ऑफ रायव्हल्स' हे तिचं पुस्तक तुमच्यापैकी काहींनी वाचलंही असेल. (वयाने आणि मानाने 'त्या' म्हणायला हवं. पण मी ज्या पुस्तकाबद्दल लिहितेय त्यात ती जवळजवळ सगळा वेळ सहा ते पंधरा वर्षांचीच आहे, त्यामुळे माझ्याकडून अहो-जाहो होत नाही.) ते पुस्तक म्हणजे 'वेट टिल नेक्स्ट इयर', १९९७ सालचं. बाप-लेकीच्या नात्याचं, १९५० च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या उपनगरातल्या बालपणाचं पुस्तक म्हणून ते वाचलं जातं, आणि ते आहेही तसंच. पण त्यात आणखी एक प्रश्न दडलाय. पुस्तक त्याला हात लावतं आणि चटका बसल्यासारखा काढून घेतं. आयुष्यभराची टीम सोडून दुसरी टीम धरता येते का? आणि धरली, तर नेमकं काय बदललेलं असतं?

हा प्रश्न घेऊन मी पुस्तकाकडे आले, त्याला कारण आहे. मी पुण्याची.

आयपीएलमध्ये पुण्याच्या दोन टीम होऊन गेल्या आणि दोन्ही मेल्या. पुणे वॉरियर्स २०११ ते २०१३. तिच्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, हरण्यातही तिला काही शैली नव्हती. मग २०१६ मध्ये रायझिंग पुणे सुपरजायंट्स आली. चेन्नई आणि राजस्थान निलंबित होते म्हणून दोन वर्षांपुरती आणलेली टीम. मुदत संपल्यावर बंद होणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. भाडेकरार संपताना घरमालकाशी वाद घालून उपयोग नसतो, तसंच ते. दुसऱ्या वर्षी तर नावातला शेवटचा 'स'सुद्धा काढून टाकला. तरी मी प्रेमात पडले. २१ मे २०१७ ला हैदराबादला फायनल होती, समोर मुंबई. मुंबईच्या १२९. शेवटच्या चेंडूवर आम्हाला चार हव्या होत्या. एका रनने हरलो आणि त्या रात्रीनंतर ती टीम पृथ्वीवरून नाहीशी झाली.

बाबा शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते गिरगावातले. १९८४ मध्ये बदली होऊन पुण्यात आले, इथेच घर घेतलं, इथेच माझा जन्म झाला, पण रणजीत त्यांनी महाराष्ट्राची टीम कधी आपली मानली नाही. 'आपली मुंबई' हाच शब्दप्रयोग. त्या रात्री ते खूश होते आणि माझ्यासाठी वाईटही वाटत होतं, म्हणून टीव्ही बंद करून म्हणाले, "एका रनने हरणं म्हणजे हरणंच गं. पण तुझं एक बरंय. पुढच्या वर्षी तुझी टीमच नाही. पुन्हा हरायला नको."

मला त्यांचा राग आला होता. आता ते वाक्य मला त्यांच्या उत्तम वाक्यांपैकी एक वाटतं.

पुढच्या वर्षी झालं काय, तर चेन्नईत कावेरीच्या पाण्यावरून आंदोलन पेटलं आणि चेन्नईच्या टीमचे घरचे सामने गहुंज्याला हलवले गेले. आदल्या वर्षी पुण्याच्या गुलाबी कपड्यात पाहिलेला धोनी त्याच मैदानावर पिवळ्या कपड्यात उतरला. चेन्नईहून चाहत्यांची खास रेल्वेगाडी आली. माझ्या ओळखीतले निम्मे पुणेकर त्या संध्याकाळी पिवळे झाले. मीही पिवळा टी-शर्ट घेतला. घातला मात्र नाही. का नाही घातला, हे तेव्हा मला सांगता आलं नसतं.

पुढे एकदा किलोवर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनात मला हे पुस्तक मिळालं. शीर्षक वाचून मला बाबाच आठवले. बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. इनिंग नऊ असतात हेसुद्धा पुस्तकातूनच कळलं. इथे थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी.

ब्रुकलिन हा न्यूयॉर्क शहराचा एक भाग. त्याच शहरात तेव्हा तीन मोठे संघ होते. ब्राँक्समधले यँकीज, मॅनहॅटनमधले जायंट्स आणि ब्रुकलिनचे डॉजर्स. म्हणजे दादर, गिरगाव आणि पार्ल्याला प्रत्येकी एक टीम आणि तिघी जागतिक दर्जाच्या. डॉजर्स चांगले खेळायचे आणि शेवटी हरायचे. वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, ते यँकीजकडून १९४१ मध्ये हरले. मग १९४७, १९४९, १९५२ आणि १९५३. मध्येच १९५१ मध्ये जायंट्सच्या बॉबी थॉमसनने निर्णायक सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये होम रन मारून त्यांना फायनलपर्यंतही पोचू दिलं नाही. दर हिवाळ्यात ब्रुकलिन एकच वाक्य म्हणायचं: पुढच्या वर्षी बघू. मराठी कानाला 'पुढच्या वर्षी' म्हटलं की विसर्जनाचा घाट ऐकू येतो. ब्रुकलिनलाही फार वेगळं ऐकू येत नसावं. निरोप देताना परत येण्याची खात्री हवी असते.

१९५५ मध्ये ते वर्ष खरंच आलं. ४ ऑक्टोबरला सातव्या सामन्यात जॉनी पॉड्रेसने यँकीजला एकही रन करू दिली नाही. २-०. आणि दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९५७ मध्ये, संघ लॉस एंजेलिसला निघाल्याचं जाहीर झालं. जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला गेले. एबेट्स फील्ड हे ब्रुकलिनचं मैदान १९६० मध्ये पाडलं. पाडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता. कुणाच्या डोक्यातून ही कल्पना निघाली असेल, देव जाणे. आज तिथे इमारती आहेत.

गुडविनच्या पुस्तकाची ताकद ही, की ती हा इतिहास गल्लीतून सांगते. खाटकाच्या दुकानातले लोक जायंट्सवाले, त्यामुळे मटण आणायला जायचं म्हणजे शत्रूच्या गोटात जायचं. पहिल्या कन्फेशनला ती पाद्र्यासमोर कबूल करते, की विरोधी संघातल्या खेळाडूंना दुखापत व्हावी अशी इच्छा तिने केली होती. गिल हॉजेस हा लाडका खेळाडू फॉर्मात नसतो, तेव्हा ती आपलं सेंट क्रिस्टोफरचं पदक त्याला देऊन टाकते. हे सगळं मी वाचलं तेव्हा परकं वाटलंच नाही. आमच्याकडे भारताच्या बॅटिंगला सोफ्यावरून उठायची बंदी असते, त्याच जातीचं हे.

२०२१ मध्ये बाबांच्या डोळ्यांचा त्रास वाढला. बारीक अक्षर दिसेना. मी संध्याकाळी त्यांना वाचून दाखवायला लागले आणि एक दिवस हे पुस्तक काढलं. इंग्रजी त्यांना चांगलं यायचं, पण वाचून दाखवताना मी आपोआप मराठीत सांगत गेले. आणि तिथे मी अडकले.

इंग्रजीत 'वी' एकच आहे. डॉजर्स जिंकले की डॉरिस म्हणते 'वी वन'. मराठीत मला ठरवावं लागतं: आपण जिंकलो की आम्ही जिंकलो? सहा वर्षांची मुलगी वडिलांना सांगते तेव्हा 'आपण'. खाटकाला सांगते तेव्हा 'आम्ही'. चारपाच पानं मी असं सहज फिरवत गेले आणि मग लक्षात आलं, की तिच्या संघनिष्ठेचा सगळा नकाशा या दोन सर्वनामांत आहे. 'आपण' म्हणायला समोर माणूस लागतो. तो ऐकणारा माणूस आहे म्हणून संघ 'आपला' आहे. बाबांनी मला न विचारता जन्मभर 'आपली मुंबई' म्हटलं. मी पुण्याची असूनही त्यांनी मला त्यात धरलं होतं, आणि मी त्यावर भांडत असले तरी ते 'आपली' कधी काढून टाकायला सांगितलं नव्हतं.

ही किल्ली हातात घेऊन पुस्तकाचा शेवट वाचला की त्याची गोची दिसते.

पुस्तकाच्या शेवटी डॉजर्स जातात आणि काही महिन्यांतच डॉरिसची आई जाते. आई बरीच वर्षं आजारी असते. डॉरिस तेव्हा पंधरा वर्षांची. घर बदलतं, गल्ली सुटते. संघ जाणं आणि आई जाणं गुडविन जवळजवळ शेजारी ठेवते, आणि ते तिने फार संयमाने केलंय. त्यानंतर एक छोटा उपसंहार येतो. त्यात हार्वर्ड, बॉस्टन, फेनवे पार्क, रेड सॉक्स, लग्न, मुलगे. मोजक्या पानांत ती एका संघाची कट्टर चाहती होते आणि आपल्या मुलांना घेऊन मैदानावर जाते. तिथे बसल्यावर तिला वडिलांसोबतचं ब्रुकलिनचं मैदान आठवतं.

बस. ज्या प्रश्नासाठी मी इथवर आले त्याचं उत्तर उपसंहारात आटोपलं. अडीचशे पानं संघ गमावण्यावर, आणि नवा संघ धरण्यावर चार श्वास. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फसवल्यासारखं झालं. पहिल्या संघावर तिचं एवढं प्रेम होतं, तर दुसऱ्यावर बसताना काही खळखळ नाही? अपराधी वाटलं नाही? पहिल्या सामन्याला रेड सॉक्सची टोपी घालताना हात अडखळला नाही? माझा तर साधा टी-शर्ट कपाटात पडून राहिला.

एक उत्तर असं देता येईल, की तिने संघ बदलला पण प्रकार बदलला नाही. रेड सॉक्स १९१८ नंतर जिंकलेच नव्हते. १९८६ मध्ये अगदी हातात आलेली वर्ल्ड सिरीज त्यांनी घालवली, आणि तीही न्यूयॉर्कच्या मेट्सकडून. मेट्स म्हणजे डॉजर्स आणि जायंट्स गेल्यावर न्यूयॉर्कला मिळालेला नवा संघ. त्याचे रंगच मुळी डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी. म्हणजे तिच्या दुसऱ्या संघाला तिच्या पहिल्या संघाच्या वारसाने हरवलं. पुस्तक आलं १९९७ मध्ये, तेव्हा बॉस्टनमध्येही लोक 'पुढच्या वर्षी बघू'च म्हणत होते. शीर्षक दोन्ही संघांना बसत होतं. रेड सॉक्स २००४ मध्ये जिंकले आणि पुढे आणखी तीनदा. आज हे पुस्तक तिने लिहिलं असतं तर त्या शीर्षकाचं काय केलं असतं, असं मला राहून राहून वाटतं.

पण हे उत्तर मला पुरं पडत नाही. हरणारे संघ ढिगाने असतात. पुणे वॉरियर्सही हरायची. मला वाटतं, गुडविनची खरी निष्ठा संघावर कधीच नव्हती. ती निष्ठा संध्याकाळी घरी येऊन 'मग काय झालं?' विचारणाऱ्या माणसावर होती. सांगणारी तीच राहिली, ऐकणारे बदलले: आधी वडील, मग मुलगे. म्हणून तिला बदल करताना त्रास झाला नाही, आणि म्हणूनच त्या बदलाबद्दल तिला फार सांगण्यासारखंही सापडलं नाही. पुस्तकाला हे आतून ठाऊक आहे. फक्त ब्रुकलिनच्या गोड हळहळीत ते इतकं बुडून गेलंय, की स्वतःच्या तोंडाने ते कबूल करत नाही.

या दृष्टीने रेडिओवरच्या माणसांकडे पाहिलं की मजा येते. डॉजर्सचा लाडका निवेदक रेड बार्बर १९५४ च्या हंगामात चक्क यँकीजकडे गेला. संघ हलण्याच्या कितीतरी आधी त्या संघाचा आवाज शत्रूकडे गेला होता! त्याच्या हाताखाली १९५० मध्ये रुजू झालेला विन स्कली मात्र संघासोबत लॉस एंजेलिसला गेला आणि २०१६ पर्यंत बोलत राहिला. लॉस एंजेलिसची पहिली वर्षं डॉजर्स एका अवाढव्य स्टेडियमवर खेळले. लांबून काही धड दिसायचं नाही, म्हणून लोक सामना बघायला येताना ट्रान्झिस्टर घेऊन यायचे आणि समोर चाललेला खेळ स्कलीच्या तोंडून ऐकायचे. नव्या शहराला तो संघ 'आपला' वाटायला लागला, त्यात या आवाजाचा वाटा मोठा. बाबांना हे ऐकवलं तेव्हा ते लगेच बाळ ज. पंडितांवर आले. पंडितांची मराठी कॉमेंट्री ऐकत ते वाढले होते. "त्यांनी सांगितलं की आपण तिथेच असायचो," म्हणाले. म्हटलं, "बघा, इथेही 'आपण'." त्यांना माझा मुद्दा कळला नाही, किंवा कळून त्यांनी सोडून दिला.

आता पुस्तकाविरुद्धची माझी मोठी तक्रार. गुडविन प्रस्तावनेतच सांगते, की आठवणींवर न विसंबता तिने इतिहासकारासारखी जुन्या शेजाऱ्यांना गाठून विचारपूस केली. हे चांगलंच आहे. पण ही शिस्त गल्लीच्या टोकाला संपते. डॉजर्स का गेले याचा हिशेब मुलीच्या नजरेतूनच मांडला जातो, आणि मुलीच्या नजरेत मालक वॉल्टर ओ'मॅली हा खलनायक असतो. ब्रुकलिनच्या दंतकथेतही तोच खलनायक आहे. पण ओ'मॅलीला ब्रुकलिनमध्येच नवं मैदान बांधायचं होतं, आणि शहराच्या बांधकामांवर पोलादी पकड असलेल्या रॉबर्ट मोझेसने त्याला हवी ती जागा दिली नाही. क्वीन्समधली जागा पुढे केली. नील सलिव्हनच्या १९८७ सालच्या 'द डॉजर्स मूव्ह वेस्ट' या पुस्तकात हा वाद नीट वाचायला मिळतो. ओ'मॅली त्यामुळे संत ठरत नाही. पण संघ हा मालकीचा धंदा आहे आणि चाहते त्यात भागीदार नाहीत, हे त्या वादातून जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही हळहळीतून दिसत नाही.

आणि संघ गेला तो कुठे गेला? लॉस एंजेलिसमध्ये चावेझ रवीन नावाची टेकड्यांमधली वस्ती होती. बहुतेक घरं मेक्सिकन-अमेरिकन कुटुंबांची. १९५० च्या सुमारास सरकारी घरबांधणी योजनेसाठी लोकांना तिथून उठवायला सुरुवात झाली. ती योजना पुढे रद्द झाली, पण रिकामी झालेली जमीन लोकांना परत मिळाली नाही. ती डॉजर्सच्या स्टेडियमकडे वळली. १९५८ मध्ये त्या करारावर शहरात मतदान झालं आणि करार थोडक्यात तरला. मे १९५९ मध्ये शेवटच्या काही घरांतल्या माणसांना पोलिसांनी अक्षरशः उचलून बाहेर काढलं. १९६२ च्या एप्रिलमध्ये तिथे डॉजर स्टेडियम सुरू झालं.

म्हणजे ज्या महिन्यांत ब्रुकलिनची एक मुलगी आपला संघ गेला म्हणून रडत होती, त्याच्या आगेमागेच दुसऱ्या किनाऱ्यावर त्या संघाच्या मैदानाच्या वाटेत आलेली घरं जात होती. बालपणाच्या आठवणींत हे यायलाच हवं होतं असा माझा हट्ट नाही. पण पन्नाशी ओलांडलेल्या इतिहासकाराने उपसंहार लिहिताना एकदा पश्चिमेकडे मान वळवून बघायला हरकत नव्हती. ब्रुकलिनबद्दलच्या लिखाणातली हळहळ अशीच असते. आपलं काय गेलं हे तिला पाठ असतं, ते कुठे जाऊन बसलं हे विचारायचं नसतं.

आणि संघ बदलण्याची खरी थक्क करणारी गोष्ट तर तिथलीच आहे. त्या शहरातल्या मेक्सिकन वंशाच्या कितीतरी कुटुंबांनी त्या स्टेडियममध्ये पाऊल न टाकण्याचं ठरवलं होतं. मग १९८१ मध्ये फर्नांडो वालेन्सुएला आला. मेक्सिकोतल्या शेतकरी कुटुंबातला, विशीतला, अंगाने थोडा गुटगुटीत, चेंडू टाकताना आकाशाकडे डोळे लावणारा डावखुरा पिचर. हंगामाचे पहिले आठही सामने त्याने जिंकले आणि सगळं शहर वेडं झालं. त्याला इंग्रजी येत नव्हतं. मुलाखतींत दुभाषा होता तो हाईमे हारीन, जो १९५९ पासून डॉजर्सचे सामने रेडिओवर स्पॅनिशमध्ये सांगत आला होता आणि २०२२ पर्यंत सांगत राहिला. पुन्हा तेच. कुणीतरी तुमच्या भाषेत संध्याकाळी तुम्हाला सामना सांगत होतं. तो आवाज बावीस वर्षं त्या घरांत जात होता, मग फर्नांडो आला. आज डॉजर स्टेडियममध्ये मेक्सिकन-अमेरिकन चाहते किती आहेत ते टीव्हीवर नुसतं पाहिलं तरी कळतं. काहींच्या आजीचं घर त्याच टेकडीवर होतं.

हे माफ करणं आहे का? मला नाही वाटत. विसरणंही नाही. त्या घरांमधून दोन्ही गोष्टी एकत्र राहत असणार, जशा एकाच घरात सासू-सुना राहतात. या विषयावर मला एक आख्खं पुस्तक वाचायला आवडेल, आणि ते गुडविनच्या पुस्तकापेक्षा अवघड असेल.

ब्रुकलिनवरच्या दुसऱ्या प्रसिद्ध पुस्तकात, रॉजर कानच्या 'द बॉइज ऑफ समर' (१९७२) मध्ये, आणखी एक वाट दिसते. कान तरुणपणी डॉजर्सचं वार्तांकन करणारा पत्रकार. संघ गेल्यानंतर कित्येक वर्षांनी तो एकेका जुन्या खेळाडूच्या घरी जातो. कार्ल फ्युरिलो वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या बांधकामावर लिफ्ट बसवत असतो. रॉय कॅम्पानेला १९५८ च्या अपघातापासून व्हीलचेअरवर. कान संघ बदलत नाही, माणसांमागे जातो. गुडविनपेक्षा हे पुस्तक रुक्ष आहे, पुरुषी आहे, पण त्याला दंतकथेचा मोह कमी आहे. दंतकथा म्हणजे कशी, तर जॅकी रॉबिन्सनची. डिसेंबर १९५६ मध्ये डॉजर्सनी त्याला जायंट्सना विकलं तेव्हा त्याने शत्रूचा गणवेश घालण्यापेक्षा निवृत्ती पत्करली, असं ब्रुकलिनवाले अजून सांगतात. खरं तर त्याचं निवृत्त व्हायचं आधीच ठरलं होतं, नवी नोकरी पक्की होती आणि ती बातमी त्याने एका मासिकाला देऊनही टाकली होती. पण चाहत्यांना खेळाडूकडून ती निष्ठा हवी असते, जी मालकाकडून मिळत नाही.

हे सगळं जुनंही नाही. २०२४ च्या २६ सप्टेंबरला ओकलंड अॅथलेटिक्स या संघाने ५७ हंगामांनंतर ओकलंडमधला शेवटचा सामना खेळला. आता तो लास व्हेगासला जायच्या वाटेवर सॅक्रामेंटोत मुक्कामाला आहे. ओकलंडच्या काही लोकांनी त्याच वर्षी खालच्या दर्जाच्या लीगमध्ये ओकलंड बॉलर्स नावाचा नवा संघ उभा केला आणि चाहत्यांनाच त्यात पैसे गुंतवू दिले. आपला संघ पळून जाऊ नये यासाठी त्याचा छोटा तुकडा विकत घेऊन ठेवणं! कुठल्याही आठवणींच्या पुस्तकापेक्षा मला हे अधिक व्यवहारी वाटलं.

बाबांना मी पुस्तक शेवटपर्यंत वाचून दाखवलं. उपसंहार संपल्यावर म्हणाले, "पोरगी हुशार आहे. मुलांना घेऊन जाते." मी माझी तक्रार सांगितली, की एवढी टीम बदलली आणि दोन ओळी नाहीत. ते म्हणाले, "तू बदललीस की. लिहिलंस का काही?"

बाबा २०२२ मध्ये गेले.

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर रणजीची फायनल झाली, मुंबई आणि विदर्भ. मी पुण्याची, मला दोन्हीशी काही देणंघेणं नव्हतं. पाचही दिवस मी फोनवर स्कोअर बघत होते. विदर्भाला ५३८ हव्या होत्या आणि ते दिवसच्या दिवस हरायलाच तयार नव्हते. शेवटच्या दिवशी मी आईकडे होते. ती मेथी निवडत बसली होती. तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही, असं आमच्या घरात सगळ्यांनी गृहीत धरलं आहे. धवल कुलकर्णीचा तो शेवटचा सामना, रहाणेने त्याच्या हातात चेंडू दिला आणि त्याने उमेश यादवची शेवटची विकेट काढली. मुंबई १६९ रननी जिंकली, बेचाळिसावी रणजी. मी आईला हे सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून, निकाल शेवटी ठेवून.

तिने ऐकून घेतलं. देठं एका बाजूला सारली. तिचं माहेर अमरावतीचं. चाळीस वर्षांच्या संसारात या विषयावर तिने कधी तोंड उघडलं नव्हतं.

"म्हणजे आमचे हरले," ती म्हणाली.